पांढऱ्या वाघाची वंशकथा

भिलाईस प्रथमच येणारा पाहुणा दोन ठिकाणे पाहिल्यावाचून सहसा परत जात नाही. एक येथील पोलादाचा कारखाना आणि दुसरे मरोदा भागातील मैत्रीबाग. १९५५ च्या फेब्रुवारी महिन्यात भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. या दोन देशांच्या मैत्रीची आठवण राहावी म्हणून कारखान्याने १९७२ साली ही बाग उभारली. बागेत तळे आहे, मुलांची आगगाडी आहे, हरणे आणि अस्वलेही आहेत. तथापि सर्वांत दाट गर्दी पांढऱ्या वाघाच्या कुंपणाशी असते. ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, नंदनकाननहून १९९० च्या दशकात हे वाघ येथे आणले गेले. त्यांची संतती येथे वाढली आणि येथून इतर प्राणिसंग्रहालयांतही गेली. महाराष्ट्रातील वाचकांनी असे वाघ पुण्याच्या कात्रज येथील उद्यानात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पाहिले असतील.

कुंपणाशी उभ्या असलेल्या मुलांच्या मनात एक प्रश्न हटकून येतो, आणि तो अगदी योग्य आहे. शेजारच्या पिंजऱ्यातील वाघ तांबूस आणि हा पांढरा, असे का? मोठी माणसे बहुधा सांगतात की ही वाघाची वेगळी जात आहे. कोणी म्हणतो, हा हिमालयाच्या बर्फातील वाघ आहे. कोणी म्हणतो, याला कोड फुटले आहे. वाचकहो, ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे उत्तर त्यांच्याहून मनोरंजक आहे, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग वाघापाशी न थांबता आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

एका अक्षराचा फरक

वाघाच्या अंगावरील केसांना दोन द्रव्ये रंग देतात. एकाने पट्ट्यांना काळेपणा येतो, तर दुसऱ्याने उरलेल्या अंगाला तांबूस-पिवळा वर्ण येतो. पांढऱ्या वाघात यांपैकी दुसरे द्रव्य जवळजवळ नाहीसे होते. पहिले मात्र बऱ्याच अंशी टिकते. म्हणून त्याचे अंग दुधी पांढरे दिसले तरी पट्टे काळसर राहतात, डोळे निळे असतात आणि नाक गुलाबी असते. ज्याला अल्बिनो म्हणतात त्या वर्णहीन प्राण्यात दोन्ही द्रव्ये नसतात. पांढरा वाघ त्या वर्गात बसत नाही. तो साधा बंगाली वाघच आहे, केवळ त्याच्या रंगाची एक वाट बंद झाली आहे.

ही वाट नेमकी कोठे बंद होते, याचा शोध २०१३ साली लागला. चीनमधील पेकिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्वांगझौ येथील एका प्राणिसंग्रहालयातील १६ वाघांच्या कुटुंबाचा अभ्यास केला. त्या कुटुंबात तांबूस आणि पांढरे असे दोन्ही प्रकारचे वाघ होते. त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करता फरक एकाच जनुकात सापडला. एसएलसी ४५ ए २ असे त्या जनुकाचे रूक्ष नाव आहे. या जनुकाच्या आज्ञेवरून पेशीत एक प्रथिन तयार होते आणि ते रंगद्रव्याच्या निर्मितीस मदत करते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ होय. तांबूस वाघात या माळेतील ४७७ वा मणी ॲलॅनीनचा असतो, तर पांढऱ्या वाघात त्या जागी व्हॅलीनचा मणी येतो. सबंध वाघात फरक एवढाच! ग्रंथ तोच, पाने तीच, आणि एका पानावरील एका शब्दात एक अक्षर बदललेले. त्या एका अक्षराने अंगाचा वर्ण पालटला.

रंग लपतो कोठे?

आता मुलांचा पुढचा प्रश्न येईल. पांढऱ्या वाघाचे आईबाप पांढरेच असतात का? नेहमी नाही. नंदनकाननमध्ये १९८० साली जे पांढरे बछडे जन्मले, त्यांचे आई आणि बाप दोघेही तांबूस होते. मग पांढरा रंग आला कोठून?

याचे उत्तर वाघ न पाहताच दिले गेले होते. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा एक साधू वाटाण्याची रोपे वाढवीत असे. पिवळ्या दाण्याच्या आणि हिरव्या दाण्याच्या झाडांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सारे दाणे पिवळेच निघाले. हिरवा रंग नष्ट झाला असे कोणालाही वाटले असते. मेंडेलने त्याच पिवळ्या दाण्यांची झाडे पुन्हा वाढविली आणि पुढच्या पिढीचे दाणे मोजले. पिवळे ६,०२२ आणि हिरवे २,००१ भरले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हिरवा रंग नष्ट झाला नव्हता, तो एक पिढी लपून बसला होता. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाकडे कोणी लक्ष दिले नाही. १९०० साली इतर शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षाला पोचले तेव्हा जगाला मेंडेलची आठवण झाली. त्यापूर्वी १८८४ मध्येच तो मरण पावला होता.

हेच गणित वाघाला लावून पाहू. प्रत्येक वाघाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. तांबूस रंग देणाऱ्या प्रतीस आपण ‘त’ म्हणू आणि धवल रंग देणाऱ्या प्रतीस ‘ध’ म्हणू. ज्याच्याजवळ दोन्ही प्रती ‘त’ आहेत तो वाघ तांबूस. ज्याच्याजवळ एक ‘त’ आणि एक ‘ध’ आहे तोही तांबूसच, कारण एक चांगली प्रत काम भागविते. मात्र ज्याच्याजवळ दोन्ही प्रती ‘ध’ आहेत तो पांढरा. मधला वाघ बाहेरून पहिल्यासारखाच दिसतो, तरी पांढऱ्या रंगाचे बीज त्याच्याजवळ गुप्त असते. अशा प्राण्यास वाहक म्हणतात.

दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक बछड्याच्या बाबतीत चार शक्यता असतात. दोघांकडून ‘त’ येईल, बापाकडून ‘त’ आणि आईकडून ‘ध’ येईल, याच्या उलट होईल, किंवा दोघांकडून ‘ध’ येईल. पहिल्या तीन शक्यतांत बछडा तांबूस आणि चौथीत पांढरा. नंदनकाननच्या तांबूस जोडप्याने आपले गुपित असे उघड केले.

रानात हे गुपित क्वचितच का फुटते, हेही यावरून कळते. समजा, एखाद्या मोठ्या अरण्यातील शंभर प्रतींपैकी एकच ‘ध’ आहे. दोन ‘ध’ एकाच बछड्यात येण्याचा संभव मग शंभरातील एकाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारांत एक एवढाच उरतो. भारतात २०२२ च्या गणनेनुसार वाघांची अंदाजित संख्या ३,६८२ होती. तेव्हा पांढरा वाघ रानात आढळत नाही यात नवल नाही. रानातील अखेरचा ज्ञात पांढरा वाघ १९५८ साली शिकारीत मारला गेला. आज जे पांढरे वाघ आपण पाहतो ते सारे पिंजऱ्यात जन्मलेले आहेत.

गोविंदगढचा मोहन

पिंजऱ्यातील या वंशाचा मूळ पुरुष कोण, हे निश्चित सांगता येते. विंध्य प्रदेशातील रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी २७ मे १९५१ रोजी जंगलातून एक पांढरा बछडा पकडला. त्याचे वय सुमारे नऊ महिने होते. त्याची आई तांबूस होती आणि तिच्याबरोबरची त्याची तिन्ही भावंडेही तांबूस होती. त्या शिकारीत वाघीण आणि तिन्ही तांबूस बछडे मारले गेले. पांढरा तेवढा वाचला, कारण त्याचा रंग वेगळा होता. त्याला गोविंदगढच्या वाड्यात ठेवण्यात आले आणि त्याचे नाव मोहन ठेवले गेले.

आपले गणित आता कामास आणू. मोहन पांढरा, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती ‘ध’. त्याची आई तांबूस, तरी तिने मोहनला एक ‘ध’ दिलाच. म्हणजे ती वाहक होती. जी गोष्ट तिच्याकडे पाहून कोणालाही कळली नसती, ती तिच्या एका बछड्याने सांगितली.

मोहन वयात आल्यावर त्याची जोडी बेगम नावाच्या तांबूस वाघिणीशी लावण्यात आली. १९५३, १९५५ आणि १९५६ या तीन वेतांत मिळून दहा बछडे झाले. दहाही तांबूस! महाराजांच्या पदरी निराशा आली. परंतु वाचकांनी आतापर्यंतचे गणित ध्यानात ठेवले असेल, तर त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. बेगमच्या दोन्ही प्रती ‘त’ असल्या पाहिजेत. मोहनकडून प्रत्येक बछड्यास ‘ध’ मिळाला आणि बेगमकडून ‘त’. दहाही बछडे तांबूस निघाले आणि दहाही वाहक ठरले. मेंडेलच्या पहिल्या पिढीचे पिवळे दाणेच ते.

यानंतर जे केले गेले त्याने पांढऱ्या वाघाचा वंश सुरू झाला, आणि त्याच्या दुःखालाही तेथूनच आरंभ झाला. १९५५ च्या वेतातील राधा ही मोहनची स्वतःची मुलगी. तिचीच जोडी मोहनशी लावण्यात आली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधेला चार बछडे झाले आणि चारही पांढरे होते. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी अशी त्यांची नावे. मोहनकडून प्रत्येकास ‘ध’ येणार हे निश्चितच होते. राधेकडून ‘त’ येईल की ‘ध’, हा नाणेफेकीसारखा प्रश्न होता. चार वेळा नाणे उडवावे आणि चारही वेळा छापाच पडावा, असे सोळांत एकदा घडते. गोविंदगढास ते पहिल्याच खेपेस घडले.

बातमी जगभर गेली. मोहिनी १९६० च्या डिसेंबरात अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पोचली. राजा आणि राणी ही जोडी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आली. देशोदेशींच्या संग्रहालयांनी पांढऱ्या वाघाची मागणी केली, कारण जेथे तो गेला तेथे प्रेक्षकांची रीघ लागली. मोहन १९६९ च्या डिसेंबरात गोविंदगढलाच मरण पावला. त्याच्या आठवणीसाठी २०१६ साली रेव्याजवळील मुकुंदपूर येथे पांढऱ्या वाघांची खास सफारी उघडण्यात आली.

नात्याची किंमत

राजा आणि राणी ही भावंडे. त्यांचा बाप मोहन, आणि आईचा बापही मोहनच. दिल्लीत या भावाबहिणींचीच जोडी लागली. वॉशिंग्टनच्या मोहिनीसाठी सॅमसन नावाचा तांबूस वाघ नेण्यात आला. तो मोहन आणि बेगम यांचा मुलगा, म्हणजे मोहिनीचा सावत्र भाऊ आणि मामाही. पांढरा रंग हवा तर दोन्हीकडून ‘ध’ यावा लागतो, आणि ‘ध’ तर मोहनच्या घराण्यातच होता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात जोड्या लागत गेल्या.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. एका जनुकाची गोष्ट आपण पाहिली. परंतु प्राण्याजवळ अशी हजारो जनुके असतात. त्यांपैकी काहींच्या एका प्रतीत दोष असतो, आणि हे वाघाला लागू आहे तसे वाचकालाही लागू आहे. दुसरी प्रत निर्दोष असेपर्यंत तो दोष कळत नाही. छापखान्यात काम करणाऱ्यांना याची कल्पना लवकर येईल. एकाच ग्रंथाच्या दोन नकला दोन निरनिराळ्या लेखनिकांनी केल्या असतील, तर एकीत गळलेली ओळ बहुधा दुसरीत सापडते. दोन्ही नकला एकाच सदोष प्रतीवरून केल्या असतील, तर गळलेली ओळ दोन्हींत गळलेलीच राहते. नातेवाईकांच्या संततीत नेमके हेच होते. आई आणि बाप या दोघांच्या प्रती एकाच पूर्वजाकडून आल्या असल्याने त्याचा लपलेला दोष दोन्हींत सापडतो आणि उघडा पडतो.

हा संभव मोजताही येतो. बाप आणि मुलगी किंवा सख्खे भाऊबहीण यांच्या संततीत एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याचा संभव चारांत एक असतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालते तेथे तो वाढतच जातो. मग मृत बछडे जन्मतात, जन्मलेले लवकर दगावतात, कोणाचे पाय वाकडे असतात, कोणाची प्रतिकारशक्ती दुबळी असते. पांढऱ्या वाघांच्या बंदिस्त वंशात असे प्रकार ठिकठिकाणी घडले. कुंपणाबाहेरील प्रेक्षकास त्यांचा पत्ता नसतो, कारण कुंपणापर्यंत जगलेलेच पोचतात.

रंगाचा दोष किती?

तथापि न्याय करताना रंगाचा आणि नात्याचा दोष वेगळा तोलला पाहिजे. पांढऱ्या रंगाबरोबर एक उणीव खरोखरच येते. गर्भावस्थेत डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मांडणी नीट होण्यास रंगद्रव्य लागते. ते उणे पडले म्हणजे काही तंतू आपली बाजू सोडून पलीकडे जातात. एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूत अशी चुकलेली मांडणी आढळल्याचे गिलरी आणि कास या शास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. पांढऱ्या वाघांत दिसणारा तिरळेपणा यातून येतो. मोहिनीही तिरळी होती.

परंतु इतर व्यंगांचे खापर रंगावर फोडता येत नाही. भारताच्या रानात पांढरे वाघ शतकानुशतके अधूनमधून दिसत आले आणि त्यांपैकी काही पूर्ण वाढ झालेले होते. याचा अर्थ पांढरा वाघ स्वतः शिकार करून जगू शकत होता. २०१३ च्या संशोधकांनीही हेच मत मांडले. वंशाचे नुकसान प्रामुख्याने जवळच्या नात्यातील जोड्यांनी केले. त्या जोड्या वाघांनी निवडल्या नव्हत्या, त्या माणसाने लावल्या होत्या, आणि त्याही आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठी. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या प्रमुख संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना दुर्मिळ रंगासाठी अशी पैदास न करण्याचा दंडक घातला. पांढऱ्या वाघाच्या पैदाशीने रानातील वाघ वाचत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. रानातील वाघ वाचतो तो अरण्य राखल्याने आणि एका अरण्यातून दुसऱ्यात जाण्याची त्याची वाट मोकळी ठेवल्याने.

वाट बंद झाली की काय होते, याचे उदाहरण ओडिशातील सिमिलीपाल अरण्यात पाहावयास मिळते. तेथील काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच वाटतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली याचे कारण शोधून काढले. टॅकपेप नावाच्या जनुकातील एका बदलाने पट्टे असे पसरतात. हा बदलही दोन्ही प्रतींत असावा लागतो. देशातील इतर अरण्यांत तपासलेल्या वाघांत तो आढळला नाही. सिमिलीपालमध्ये मात्र निम्म्याहून अधिक प्रती तशा निघाल्या. याचे कारण असे की तेथील वाघ थोडे आहेत, इतर वाघांपासून तुटलेले आहेत आणि त्यांचे पूर्वजही मोजकेच होते. गोविंदगढास जे माणसाने पिंजऱ्यात घडविले, ते येथे तुटलेल्या अरण्याने घडविले. आसामातील काझीरंगात कधी कधी सोनेरी वाघ दिसतो. बंदिवासातील सोनेरी वाघांत कोरिन नावाच्या तिसऱ्याच जनुकातील बदल आढळला आहे. ज्या वाघात धवल आणि सोनेरी हे दोन्ही बदल एकत्र येतात तो जवळजवळ पट्ट्यांवाचूनच जन्मतो. रंग जितके अपूर्व, तितकी त्यांच्यामागील नाती तपासून पाहणे अगत्याचे.

वाघाचे गणित आपल्या घरात

‘त’ आणि ‘ध’ यांचे हे गणित वाघापुरते नाही. ज्या छत्तीसगढात भिलाई आहे तेथे, आणि शेजारच्या विदर्भात गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत, सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार घरोघरी परिचित आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातही तो आहे. नागपूरच्या परिसरात तो आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच नमूद झाले, म्हणजे राधेला ते चार पांढरे बछडे झाले त्याच साली.

या आजाराचे मूळही एका अक्षरात आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका माळेतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाचा मणी असावयास हवा, तेथे व्हॅलीनचा येतो. योगायोग असा की वाघाच्या माळेत आलेला मणीही व्हॅलीनचाच होता. वाघाचा त्याने वर्ण बदलला, माणसाच्या रक्तपेशीचा आकार बदलला. गोल आणि लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, रोग्याला असह्य वेदना होतात, रक्त कमी पडते आणि लहान मुलांना जंतुसंसर्ग वारंवार होतो.

ज्याच्याजवळ अशी एकच प्रत आहे तो वाहक. तो निरोगी असतो, शेतात आणि कारखान्यात इतरांसारखे काम करतो. किंबहुना हिवतापाच्या मुलखात ही एक प्रत त्याचे काही अंशी रक्षणच करीत आली, आणि म्हणूनच ती या भागात इतकी पसरली. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला की नंदनकाननच्या तांबूस जोडप्याचे गणित त्या घरात येते. प्रत्येक मुलाच्या बाबतीत आजाराचा संभव चारांत एक.

या गणिताविषयी दोन गैरसमज घरोघरी ऐकू येतात. पहिला असा, की एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी असणार. हे खरे नाही. नाण्याला मागच्या खेपेची आठवण नसते. राधेच्या चारही बछड्यांना ‘ध’ मिळाला, हे आपण पाहिलेच. प्रत्येक गर्भारपणात चारांत एक हाच संभव नव्याने उभा राहतो.

दुसरा गैरसमज अधिक क्रूर आहे. आजारी मूल जन्मले की खापर सुनेच्या माथी फुटते. “आमच्या घराण्यात असे कोणालाच नव्हते,” असे सासरची माणसे म्हणतात. ते खोटे बोलत नसतात, परंतु त्यांना मोहनच्या आईची गोष्ट ठाऊक नसते. ती तांबूस होती, तिची इतर तिन्ही पिल्ले तांबूस होती, आणि तरीही ती वाहक होती. घराण्यात आजार न दिसणे म्हणजे घराण्यात त्याची प्रत नसणे नव्हे. आणि मुलाला हा आजार व्हावयास दोन प्रती लागतात, एक आईची आणि एक बापाची. एकटी आई तो देऊच शकत नाही. जे गणित हे सांगते, ते प्रत्येक सासूला आणि प्रत्येक जावयाला ठाऊक असले पाहिजे.

लग्नाआधी काय करावे

सिकलसेलचा वाहक आहे की नाही, हे वाघाप्रमाणे पिढी उलटेपर्यंत वाट पाहून ठरवावे लागत नाही. साध्या रक्ततपासणीने ते कळते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. शहडोल हे मोहनच्या विंध्य प्रदेशातीलच एक गाव. तपासलेल्यांना एक कार्डही दिले जाते. वधूचे आणि वराचे कार्ड शेजारी ठेवले म्हणजे पुढील संततीचा संभव दिसतो.

आपल्याकडे विवाह ठरविताना पत्रिका पाहतात, छत्तीसांपैकी किती गुण जुळले ते मोजतात. ज्यांना पत्रिका पाहावयाची असेल त्यांनी ती जरूर पाहावी, परंतु रक्ताच्या तपासणीचा कागदही तिच्या शेजारी ठेवावा. दोघांपैकी एकच वाहक असेल तर काळजीचे कारण नाही. अशा जोडप्याच्या मुलास आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर लग्नापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. लग्न झालेच असेल तरी गर्भावस्थेत गर्भाची तपासणी करता येते, आणि आजारी मुलासाठी वेदना कमी करणारी औषधेही आज उपलब्ध आहेत. वाहक असणे हा कलंक नव्हे, आणि त्यावरून कोणाच्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडणे हा शुद्ध अन्याय होय.

नात्यातील विवाहाचाही येथे विचार करावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. घरची मुलगी घरातच राहते, माणसे ओळखीची असतात, हे तिचे गोड अंग कोणी नाकारणार नाही. परंतु सख्ख्या आते-मामे भावंडांच्या संततीत एकाच पूर्वजाच्या दोन्ही प्रती एकत्र येण्याचा संभव सोळांत एक असतो. मोहन आणि राधा यांच्या चारांत एक या प्रमाणाहून तो पुष्कळ कमी आहे. अशा अनेक जोडप्यांची मुले धडधाकट असतात. तरी ज्या घराण्यात एखादा आनुवंशिक आजार दिसला आहे, किंवा लागोपाठच्या पिढ्यांत नात्यातच सोयरिकी झाल्या आहेत, तेथे पुन्हा नात्यात लग्न ठरविण्यापूर्वी वैद्याला विचारणे शहाणपणाचे ठरेल.

वाचकहो, मैत्रीबागेत मुलांना घेऊन अवश्य जा. पांढरा वाघ सुंदर आहे, आणि त्याच्या सौंदर्याचे कौतुक करण्यात काहीच गैर नाही. त्याचा रंग हा त्याचा अपराध नव्हे. मात्र मुलांनी “हा पांढरा का?” असे विचारले, तर त्यांना ‘त’ आणि ‘ध’ यांची गोष्ट सांगा. पाटीवर चार घरे काढून त्यांत ही अक्षरे मांडून दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला ते सहज समजते. ज्या मुलांना आज हे गणित कळेल, त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या लग्नापूर्वी तपासणीचा कागद निःसंकोचपणे पुढे ठेवील, आणि कोणी आपल्या आजारी मुलाच्या आईला बोल लावू देणार नाही.